छप्पर जमिनीला कशाने बांधलंय? लाकडी वर्कशॉप आणि पत्र्याचे छोटे जोड

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटून जातात, म्हणून या वेळी ते इथे नीट मांडले आहेत. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी मजकूर जसाच्या तसा.)

आजचा विषय नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. कोड नाही, ॲप नाही, नवीन फोन नाही. आज आपण सुतारकामाबद्दल बोलणार आहोत. तेही अमेरिकेतल्या सुतारकामाबद्दल, कारण मी सध्या तिकडे, ह्यूस्टनजवळ राहतो आणि हे काम मी जवळून पाहिलंय.

तुमच्यापैकी अनेकांनी रील्समध्ये पाहिलं असेल. एक माणूस, फार तर दोन, घरामागच्या अंगणात शनिवार-रविवारी स्वतःच गॅरेज किंवा वर्कशॉप उभं करतात. लाकडाच्या पट्ट्या कापायच्या, चकचकीत पत्र्याच्या जोडांमध्ये अडकवायच्या, खिळे मारायचे, की सांगाडा तयार. तीस सेकंदांत सगळं उभं! खाली कमेंट ठरलेली असते: ‘लेगोसारखं आहे की हे! आपल्याकडे का नाही मिळत?’

लेगोसारखं दिसतं खरं. पण लेगोचं घर वाऱ्यात उभं राहावं लागत नाही. आजचा सगळा भाग या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

आधी लाकूड समजून घेऊ

लाकडी सांगाड्याचे मुख्य दोन प्रकार. पहिला, जुना आणि जड. मोठाले खांब, जाड तुळया, एका लाकडात चौकोनी भोक पाडायचं, दुसऱ्याचं टोक त्यात घट्ट बसेल असं तासायचं आणि वरून लाकडाची खुंटी ठोकायची. लोखंड जवळपास नाहीच. कोकणातल्या जुन्या घरांचं माळ्याखालचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच डोळ्यांसमोर येईल. या कामाला मुरलेला सुतार लागतो. जोडाची सगळी ताकद त्याच्या पटाशीत आणि नजरेत असते.

दुसरा प्रकार हलका. अमेरिकेत १८३० च्या दशकापासून, शिकागोच्या बाजूने, तो पसरत गेला. जाड खांबाऐवजी बारीक लाकडं, पण भरपूर. साधारण दर १६ इंचांवर एक उभं लाकूड. यातलं सगळ्यात ओळखीचं माप म्हणजे ‘टू बाय फोर’. गंमत अशी की ते २ इंच बाय ४ इंच नसतंच. रंधा मारून, सुकवून हातात येतं तेव्हा ते दीड इंच बाय साडेतीन इंच असतं. नाव जुन्या मापाचं, वस्तू नव्या मापाची.

या हलक्या पद्धतीत जोड म्हणजे फक्त खिळे. एका लाकडाचं टोक दुसऱ्याला टेकवायचं आणि तिरके खिळे मारायचे. काम झटपट होतं, पण तो सांधा ओढला गेला की खिळे हळूहळू बाहेर सरकतात. इथेच पत्र्याच्या जोडांचा जन्म झाला.

१९५६ साली कॅलिफोर्नियात बार्कले सिम्पसन नावाच्या माणसाने सपाट छपराच्या वाशांसाठी पत्र्याचा एक साधा आधार बनवला. त्याचा मूळ धंदा खिडक्यांच्या जाळ्यांचा. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला तुकडा, त्यात वासा बसवायचा, बाजूंनी खिळे मारायचे. याला जॉइस्ट हँगर म्हणतात. त्याच दशकात फ्लोरिडात दुसरं एक डोकं चाललं होतं. पत्र्यालाच दात काढायचे आणि तो दाबून लाकडांच्या सांध्यावर बसवायचा. तयार कैच्या, म्हणजे ट्रस, कारखान्यात बनू लागल्या त्या यामुळे. आज अमेरिकेतल्या लाकडी घरांमध्ये हे दोन्ही सर्रास दिसतात.

डब्यात नेमकं काय असतं?

आता किट. डबा उघडला तर आत लाकूड नसतं. असतात ते फक्त जोड, खिळे किंवा स्क्रू आणि एक पुस्तिका. लाकूड तुम्ही जवळच्या वखारीतून आणायचं. पुस्तिकेत कापायच्या तुकड्यांची यादी असते: इतक्या लांबीचे इतके तुकडे. आणि बहुतेक कट सरळ, काटकोनात.

हा सरळ कट फार महत्त्वाचा आहे. छपराचा उतार साधायचा तर वाशाची टोकं तिरकी कापावी लागतात, आणि नवशिका माणूस इथेच अडकतो. किटमधल्या आढ्याच्या जोडाला तो कोन आधीच दिलेला असतो. तुम्ही सरळ कापलेलं लाकूड त्यात सरकवता आणि उतार आपोआप येतो. म्हणजे सुताराच्या हातातलं कसब काढून ते पत्र्याच्या तुकड्यात भरलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर अवघड काम लायब्ररीत गेलं, तुम्ही फक्त फंक्शन कॉल करताय.

पण लायब्ररी वापरताना जे होतं तेच इथेही होतं. आत काय चाललंय ते माहीत नसेल, तर ती कुठे पुरी पडत नाही तेही कळत नाही. म्हणूनच अशी तयार किट्स लहान शेडपुरती ठीक असतात. मोटार आत जाईल एवढं गॅरेज किंवा मोठं वर्कशॉप करायचं तर जोड सुटे निवडावे लागतात, प्रत्येकाचं काम समजून.

माझ्या शेजाऱ्याने गेल्या वर्षी हेच केलं. निवृत्त मेकॅनिक माणूस, सत्तरीच्या जवळ. मी त्यांना मनात काका म्हणतो. तोंडावर नावानेच हाक मारतो, तिकडे तशीच रीत आहे. १२ फूट बाय १६ फुटांचं वर्कशॉप. मी चार शनिवार-रविवार त्यांच्या हाताखाली होतो. माझं काम म्हणजे लाकूड धरणे, टेप धरणे आणि प्रश्न विचारणे. तिसरं मी सगळ्यात जास्त केलं.

छप्पर पडत नाही, उडतं

पहिल्याच दिवशी काकांनी मला एक प्रश्न विचारला: ‘हे छप्पर खाली पडू नये म्हणून भिंती आहेत. ते वर जाऊ नये म्हणून काय आहे?’

मी बीटेक आहे, पण सिव्हिलचा नाही. तरी फिजिक्स शिकलोय, म्हणून रात्री बसून हिशेब केला. तुम्हीही फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा.

वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा वरच्या बाजूचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढलं जातं. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आपल्या भारतीय मानकातही आहे, आयएस ८७५, भाग ३: दाब = ०.६ × वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. त्याच मानकात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद दिलाय. म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर.

आता ४४ चा वर्ग १९३६. गुणिले ०.६ म्हणजे जवळपास ११६२ न्यूटन. किलोच्या भाषेत, दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो.

१२ बाय १६ फूट म्हणजे १७.८ चौरस मीटर. गुणाकार करा: २१०० किलो. दोन टनांहून जास्त ओढ, आणि तीही वरच्या दिशेने! हा हिशेब ढोबळ आहे. छपराचा उतार, उंची, आजूबाजूची झाडं-घरं यावर आकडा कमी-जास्त होतो, आणि कडेला व कोपऱ्यांत ओढ दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकते. पण किती मोठा आकडा आहे याचा अंदाज आला ना?

समोर छपराचं स्वतःचं वजन ठेवा. वासे, त्यावर लाकडी फळ्या आणि तिकडची डांबरी कौलं धरून दर चौरस मीटरला साधारण ५० किलो. म्हणजे सगळं मिळून आठ-नऊशे किलो. वारा दोन टन वर ओढतोय, वजन टनभरही नाही. उरलेलं कोण धरणार?

हे कागदावरचं गणित नाही. २४ ऑगस्ट १९९२ ला ॲन्ड्र्यू नावाचं चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं. नंतर अभियंते पडझड बघत फिरले तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लाकूड मोडलं नव्हतं, सांधे सुटले होते. छपराच्या फळ्यांचे खिळे वाशात बसलेच नव्हते, बाजूने हवेत गेले होते. गॅरेजचे मोठे दरवाजे आत दबले, वारा आत शिरला आणि छप्पर आतूनही वर ढकललं गेलं. त्यानंतर तिथले नियम कडक होत गेले आणि मार्च २००२ पासून अख्ख्या फ्लोरिडाला एकच बिल्डिंग कोड लागू झाला. त्या सगळ्या नियमांमागची कल्पना एकच: छपरापासून पायापर्यंत अखंड साखळी. इंग्रजीत याला कंटिन्युअस लोड पाथ म्हणतात. मी साखळीच म्हणतो, सोपं पडतं.

साखळी, खालून वर

आता काकांच्या वर्कशॉपमध्ये ही साखळी कशी होती ते कडी-कडीने बघू.

पहिली कडी: पाया आणि तळपट्टी. काँक्रीटच्या चौथऱ्यावर भिंतीचं सगळ्यात खालचं आडवं लाकूड येतं. ते कीड आणि ओल लागू नये म्हणून औषध मारलेलं असावं लागतं. ते काँक्रीटमध्ये रोवलेल्या अँकर बोल्टने धरायचं. तिकडच्या घरांच्या कोडमध्ये याचा किमान नियम असा: अर्धा इंच जाडीचा बोल्ट, काँक्रीटमध्ये निदान ७ इंच खोल, दोन बोल्टमध्ये जास्तीत जास्त ६ फूट अंतर आणि लाकडाच्या प्रत्येक टोकापासून १२ इंचांच्या आत एक. टोकाचा नियम का? कारण लाकूड उचकटायला सुरुवात टोकापासूनच होते.

चौथरा ओतायच्या आधी काटकोन तपासायचा असतो. आपल्याकडे गवंडी ३-४-५ करतात ना, तेच! १२ आणि १६ म्हणजे ३ आणि ४ ची चौपट. मग कर्ण ५ ची चौपट, बरोब्बर २० फूट. दोन्ही कर्ण २० फूट आले की चौकोन गुण्यात. काकांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मला पायथागोरस पहिल्यांदाच उपयोगी पडला.

स्वतंत्र खांब असतील तर त्यांच्या बुडाशी पोस्ट बेस येतो. हा जोड खांबाला काँक्रीटपासून सुमारे एक इंच वर उचलून धरतो. काँक्रीट ओल शोषतं, लाकूड त्यावर थेट टेकलं तर बुडातून कुजतं. त्या एका इंचाच्या फटीवर खांबाचं आयुष्य ठरतं.

दुसरी कडी: तळपट्टी ते भिंतीची उभी लाकडं, आणि उभी लाकडं ते वरची पट्टी. इथे पत्र्याच्या पट्ट्या येतात किंवा भिंतीवर ठोकलेली प्लायसारखी शीटच वर-खाली दोन्ही पट्ट्यांना पकडते. या शीटबद्दल पुढे बोलू, कारण ती या गोष्टीतली खरी हिरोईन आहे.

तिसरी कडी: वरची पट्टी ते वासा. साखळी सगळ्यात जास्त तुटते ती इथे. यासाठी हरिकेन टाय नावाचा जोड असतो. तळहातावर मावेल एवढा, पिळ दिलेला पत्रा. अर्धा भाग वाशाच्या बाजूला, अर्धा भिंतीच्या वरच्या पट्टीला. किंमत साधारण एक-दीड डॉलर.

आमच्या वर्कशॉपला दर २ फुटांवर वाशांची एक जोडी होती. १६ फुटांत ९ जोड्या, म्हणजे १८ टोकं, म्हणजे १८ टाय. आता मघाचा हिशेब आठवा: २१०० किलो भागिले १८. प्रत्येक टायच्या वाट्याला सुमारे ११७ किलो. एका तिरक्या खिळ्यावर एक भरदार माणूस लटकवून बघा म्हटलं तर तुम्ही हो म्हणणार नाही. दोन्ही लाकडांत पाच-पाच खिळे मारलेल्या टायसाठी मात्र हे रोजचं काम आहे. कारण त्यात खिळा उपसला जात नाही, तो आडवा कापला जायला बघतो. आणि खिळा आडवा कापणं हे त्याला उपसण्यापेक्षा कितीतरी अवघड.

चौथी कडी: वासा ते छपराची फळी किंवा पत्रा. इथे विशेष जोड नाही, फक्त खिळे किंवा स्क्रू. पण ते वाशातच बसले पाहिजेत. हवेत गेलेला खिळा म्हणजे नसलेला खिळा.

बस, एवढंच. चार कड्या. यातली कुठलीही एक सुटली की बाकी तिन्ही कितीही मजबूत असोत, छप्पर गेलंच म्हणून समजा.

जोड काय करत नाहीत

आता रील्समध्ये कधीच न सांगितला जाणारा भाग. हे जोड कितीही लावले तरी दोन गोष्टी ते करत नाहीत.

एक: ते सांगाडा तिरपा होण्यापासून वाचवत नाहीत. काड्यापेटीच्या चार काड्या टोकाला चिकटवून चौकोन करा आणि वरून बाजूला ढकला. चौकोनाची समांतरभुज होते, हो ना? आता त्यावर एक कागद चिकटवा आणि ढकलून बघा. हलत नाही. भिंतीवर तो कागद म्हणजे शीट. तिकडे लाकडाच्या पातळ चकत्या दाबून केलेली ७/१६ इंचाची शीट वापरतात. तिच्या कडांना दर ६ इंचांवर खिळा आणि मधल्या लाकडांवर दर १२ इंचांवर. ज्या दिवशी आम्ही पहिली शीट ठोकली, त्या दिवशी डुगडुगणारी भिंत अचानक दगडासारखी झाली. हाताला जाणवतो तो फरक.

म्हणूनच गॅरेज हे वर्कशॉपपेक्षा अवघड प्रकरण आहे. समोर मोठं दार आलं की त्या भिंतीत शीट लावायला जागाच उरत नाही. दाराच्या दोन बाजूंना दोन अरुंद पट्टे राहतात आणि सगळं तोललं जातं त्यांच्यावर. तिथे वरच्या तुळईला आणि पायाला धरून ठेवणारे जाड जोड लागतात, आणि ते किती व कुठे हे इंजिनिअरने किंवा कोडमधल्या ठरलेल्या नकाशाने सांगायचं. अंदाजपंचे चालत नाही.

दोन: उताराच्या छपराचे वासे भिंतींना बाहेर ढकलतात. दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करा, खालची टोकं घसरतात ना, तसंच. ती थांबवायला समोरासमोरच्या भिंतींना जोडणारी आडवी लाकडं लागतात, आणि ती छपराच्या उंचीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात हवीत. वर आढ्याजवळ लावलेलं आडवं लाकूड वेगळं काम करतं. ते वाऱ्यात आढं फाकू देत नाही. दिसायला दोन्ही सारखी, काम निराळं. बऱ्याच जणांना आत उंची हवी असते, म्हणून खालची लाकडं काढून फक्त वरची ठेवतात. काही वर्षांनी भिंती बाहेर कललेल्या दिसतात आणि आढं मधे बसलेलं.

खिळा हा पण पार्टच आहे

जोडावर जी भोकं असतात ती उगाच नसतात. गोल भोक म्हणजे खिळा मारायचाच. काही जोडांवर त्रिकोणी भोकंही असतात. जास्तीची पूर्ण ताकद हवी असेल तर ती भरायची. छापील ताकद ही सगळे सांगितलेले खिळे, सांगितलेल्या जाडीचे आणि लांबीचे, मारल्यावरची असते. अर्धे मारले तर अर्धी ताकद उरेल असंही गृहीत धरू नका.

आणि घरात उरलेले काळे जिप्सम बोर्डचे स्क्रू इथे अजिबात नाहीत. ते कडक केलेले असतात, त्यामुळे ठिसूळ. खिळा आधी वाकतो, तुम्हाला सूचना देतो. हा स्क्रू सरळ तुटतो. स्क्रूच हवे असतील तर जोडांसाठी खास बनवलेले मिळतात.

गंजाचं पण ऐका. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी आर्सेनिक असलेलं जुनं औषध बंद झालं आणि तांब्याचं प्रमाण जास्त असलेली नवी औषधं आली. तांबं आणि ओल मिळाले की जस्ताचा थर भराभर खाल्ला जातो. त्यामुळे औषध मारलेल्या लाकडाला टेकणारा जोड जाड जस्ताचा किंवा स्टेनलेस स्टीलचा हवा. आणि जोड जसा, खिळा तसाच. स्टेनलेसला स्टेनलेस, जस्ताला जस्त. मिसळ फक्त खायची!

परवानगीबद्दल दोन वाक्यं. तिकडच्या नमुना कोडमध्ये २०० चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली, घरापासून सुट्या शेडला बिल्डिंग परमिट लागत नाही. १२ बाय १६ म्हणजे १९२. हे माप इतकं लाडकं का आहे, कळलं? पण प्रत्येक शहर हा आकडा बदलू शकतं, आणि परमिटची सूट म्हणजे नियमांची सूट नव्हे. वारा परमिट बघत नाही.

मग आपल्याकडे काय?

आता मूळ कमेंटकडे येऊ: आपल्याकडे हे का नाही मिळत?

खरं सांगायचं तर आपल्याकडे त्याची फारशी गरजच नाही. आपल्याकडे बांधकामाचं चांगलं लाकूड महाग आणि वेल्डिंग करणारा फॅब्रिकेटर प्रत्येक तालुक्यात. गाडीची शेड, गॅरेज, पिठाची गिरणी, लेथ मशीनचा गाळा, सगळं लोखंडी पाइप आणि पत्र्यात होतं. ते योग्यच आहे. तिकडची किट मागवून इथे लाकडी शेड उभारा असं मी म्हणणार नाही.

पण साखळीचा नियम लाकडाचा नाही, वाऱ्याचा आहे. तो इथेही तोच.

मी मूळचा रायगडचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लोणेऱ्याला शिकत होतो आणि लॉकडाऊनमुळे घरी होतो. श्रीवर्धनच्या बाजूच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आमच्या वाडीत मला आठवतात ते पत्रे. शेजारच्या बागेत पडलेले, विजेच्या तारांवर लटकलेले, आंब्याच्या फांदीत कागदासारखे गुंडाळलेले. बऱ्याच शेडचे खांब जागेवर ठणठणीत उभे होते. वरचं छप्पर तेवढं गेलं होतं. साखळीची एकच कडी सुटली होती, सगळ्यात वरची.

आणि वादळाआधी आपण काय करतो? पत्र्यावर दगड ठेवतो, रेतीच्या गोण्या ठेवतो, जुने टायर ठेवतो. मघाचंच सूत्र लावा. १० फूट बाय ३ फुटांचा एक पत्रा म्हणजे २.८ चौरस मीटर. गुणिले ११८. एका पत्र्यावर ३३० किलोची ओढ. पत्र्याचं स्वतःचं वजन बारा-पंधरा किलो. त्यावर तुम्ही दहा-दहा किलोचे चार दगड ठेवले. उरलेल्या पावणेतीनशे किलोंचं काय? उलट दगडही पत्र्याबरोबर खाली येतात, कुणाच्या तरी अंगावर.

म्हणून गावाकडे शेड बांधायची असेल किंवा असलेली दुरुस्त करायची असेल, तर फॅब्रिकेटर दादांना हे प्रश्न विचारा. दरापेक्षा आधी विचारा.

खांबाच्या बुडाला बेस प्लेट आणि बोल्ट आहेत का, की पाइप नुसता मातीत रोवलाय? आडवे पाइप खांबांना पूर्ण वेल्ड केलेत की दोन टाके मारून सोडलेत? वेल्डवर रंग लावलाय का, की गंज धरलाय? पत्र्याचे जे-हुक किंवा स्क्रू कडेच्या ओळींत, वळचणीला आणि आढ्याजवळ जवळ-जवळ आहेत का? कारण ओढ तिथेच जास्त. रबरी वॉशर कडक होऊन चिरलेत का? आणि शेडची एक बाजू उघडी असेल तर ती पावसाळी वाऱ्याच्या दिशेला आहे का? असेल तर ॲन्ड्र्यूमधल्या गॅरेजसारखं तुमचं छप्परही आतून ढकललं जाणार. मग स्क्रू वाढवायलाच हवेत.

यातलं काहीही महाग नाही. एका शेडला पाचपन्नास स्क्रू जास्त लागले तर खर्च किती वाढेल, तुम्हीच बघा. आणि उडालेल्या पत्र्याने वाटेत कुणाला गाठलं तर त्याची किंमत कुठल्याही दरपत्रकात नसते.

एक छोटं काम देतो आणि थांबतो. आज संध्याकाळी फोनचा टॉर्च लावा आणि घराच्या, गोठ्याच्या, गाडीच्या शेडखाली उभे राहा. एक पत्रा निवडा. तिथून बोट फिरवत खाली या: पत्रा कशाने धरलाय, तो ज्यावर आहे तो पाइप किंवा वासा कशाने धरलाय, खांब कशाने धरलाय, पाया कशाने. जिथे ‘नुसता ठेवलाय’ असं उत्तर येईल, तिथे फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. मोठी माणसं म्हणतील, ‘इतकी वर्षं काही झालं नाही.’ त्यांना ३३० किलोचा हिशेब दाखवा. मेच्या अखेरीपर्यंत ती कडी जोडून घ्या.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे: फोनची बॅटरी दोन वर्षांत का दमते. तोवर ऐकत राहा, वाचत राहा आणि हो, पत्रे तपासा!